टाच दुखते, पण दोष हाडाचा नाही

मोशीतल्या कुठल्याही मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की टाचेसाठी काहीतरी मागणारं गिऱ्हाईक दिसायला फार वेळ लागत नाही. कुणाला सिलिकॉनचं हील पॅड हवं असतं, कुणाला मलम, कुणाला ‘मागच्या वेळी दिलेली ती गोळी’. यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कपाटावर एक्स-रेचं मोठं पाकीट पडलेलं असतं. त्यातल्या काळ्या फिल्मवर टाचेच्या हाडाला खालून फुटलेलं एक टोक दिसतं. कुणीतरी त्यावर पेन टेकवून दाखवलेलं असतं, आणि तेव्हापासून घरी, सोसायटीत, कंपनीच्या बसमध्ये सांगायचं कारण ठरून गेलेलं असतं : हाड वाढलंय.

हाड वाढलेलं असतं हे खोटं नाही. दुखणं त्याच्यामुळे असतं, हे मात्र बहुतेक वेळा खरं नसतं. टाच आयुष्यात कधीच दुखली नाही अशा कितीतरी माणसांच्या एक्स-रेत हे टोक सापडतं, आणि टाचेने रडकुंडीला आलेल्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत ते नसतं. वय आणि वजन वाढलं की त्याचं प्रमाण वाढतं, एवढंच. पूर्वी समजूत अशी होती, की तळव्याखालचा पट्टा हाडाला सतत ओढत राहतो आणि त्या ओढीने हाड पुढे वाढतं. पण अशी टोकं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा हाडातल्या बारीक जाळीची मांडणी त्या ओढीच्या दिशेने नसल्याचं आढळलं. शिवाय पुष्कळदा हे टोक पट्ट्यात नसतंच. ते त्याच्या वरच्या थरात, बोटं वाकवणाऱ्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतं. तेव्हा ते खाली टोचतंय आणि म्हणून पाऊल टेकवत नाही, हा हिशेब दिसायला सोपा असला तरी बरोबर नाही.

माझ्या मते टाचदुखीच्या रुग्णाचं खरं नुकसान हा एक्स-रे करतो. हाड वाढलंय म्हटल्यावर एक तर माणूस चालायलाच घाबरतो, किंवा हाडापुढे आपलं काय चालणार म्हणून सोडून देतो. दोन्हीत महिने जातात.

दुखत असतो तो तळपायाचा पट्टा. वैद्यकात त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात आणि या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या अंगाला एक उंचवटा आहे. तिथून हा पांढरट, चिवट पट्टा निघतो, तळव्याच्या कमानीखालून पुढे पसरतो आणि पाच फाटे होऊन पाची बोटांच्या मुळाशी पोचतो. टाचेजवळ त्याची जाडी निरोगी माणसात चार मिलिमीटरच्या आतबाहेर असते, दुखऱ्या टाचेत सोनोग्राफीवर ती त्याहून जास्त भरते. पण सोनोग्राफीचीही गरज क्वचितच पडते. टाचेच्या तळाशी, पुढच्या आणि आतल्या कडेला अंगठ्याने दाबलं आणि माणसाने पाय झटकन ओढून घेतला, शिवाय सकाळच्या पहिल्या पावलाची तक्रार असली, की निदान झालं.

हा पट्टा नुसता कमान बांधून ठेवत नाही. इंग्लंडमध्ये जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली त्याचं काम नीट उलगडून दाखवलं. पाऊल पुढे टाकताना टाच जमिनीवरून उचलली जाते, भार चवड्यावर येतो आणि बोटं वरच्या बाजूला वळतात. त्याबरोबर पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती खेचला जातो, टाच आणि चवडा एकमेकांच्या जवळ येतात, कमान उंचावते आणि इतका वेळ मऊ असलेलं पाऊल घट्ट होतं. हिक्स यांनी याला रहाटाची उपमा दिली : वर दोर गुंडाळला जातो तशी खाली बादली उचलली जाते. कमान उचलणारा हा दोर दिवसातून हजारो वेळा ताणला जातो, आणि ताणाचा सगळ्यात मोठा वाटा टाचेच्या त्या उंचवट्याजवळ येतो.

सकाळचं पहिलं पाऊल का जाळतं, याचं उत्तरही यातच आहे. झोपेत पाऊल खाली ढळलेलं असतं. पोटरी आणि तळव्याचा पट्टा सात-आठ तास आखडलेल्या स्थितीत राहतात. पहाटे उठून पाय टेकला, की त्या आखडलेल्या पट्ट्यावर एकदम सगळं वजन येतं. पंधरा-वीस पावलांनी तो सैल होतो आणि माणूस म्हणतो, चाललं की बरं वाटतं. हेच जेवणाच्या सुट्टीनंतर उठताना होतं, आणि चाकणहून मोशीपर्यंत वाहतूककोंडीत तासभर बसून बसमधून उतरतानाही. संध्याकाळचं दुखणं निराळं. ते दिवसभर साठत गेलेल्या भाराचं असतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बरीच वर्षं हे दुखणं सुजेचं मानलं गेलं आणि सूज उतरवणारी औषधं हाच उपचार ठरला. २००३ साली अमेरिकेत लेमाँट आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या ५० शस्त्रक्रियांमधले नमुने तपासले, तेव्हा त्यांना सुजेच्या पेशी दिसल्या नाहीत. दिसली ती झीज : विस्कटलेले तंतू, न भरलेल्या बारीक चिरा. म्हणजे रोजच्या वापराने होणारी मोडतोड आणि शरीराची डागडुजी यांचा मेळ बसेनासा झाला होता. हे नमुने जुनाट दुखण्याचे होते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत थोडी सूज असूही शकेल. पण सहा महिने टाच धरून बसलेल्या माणसाने सूज उतरवायची गोळी घेऊन शिफ्ट मारत राहणं, यात पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होण्याची शक्यता आहे, टाच भरून येण्याची नाही.

मोडतोड कुणाच्या टाचेत जास्त होते? २००३ सालच्याच आणखी एका अमेरिकी अभ्यासात ५० रुग्णांची १०० निरोगी माणसांशी तुलना केली होती. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली आणि सगळ्यात जोरदार म्हणजे घोट्यातून पाऊल वरच्या दिशेला पुरेसं न वळणं, अर्थात आखडलेली पोटरी. दुसरी लठ्ठपणा. तिसरी, कामाचा बहुतेक वेळ पायांवर असणं.

ही तिसरी गोष्ट मोशीला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मधोमध आहे. एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी ओलांडून नाशिक महामार्गाने थेट चाकण. विशेषतः २००९ च्या आगेमागे चाकणला मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले, त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे-मध्यम कारखाने आले, आणि त्या सगळ्यांत काम करणारी माणसं मोशी, जाधववाडी, बोऱ्हाडेवाडीच्या इमारतींत राहायला आली. जुळणीच्या लाइनवर, प्रेस शॉपमध्ये, तपासणीच्या टेबलाशी आठ तास उभं राहायचं, ओटी लागली तर त्याहून जास्त. खाली काँक्रीट, त्यावर रंगाचा गुळगुळीत थर. पायात पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. ते बोटं वाचवण्यासाठी बनवलेले असतात आणि ते काम चोख करतात. तळव्याला आराम देणं हा त्यांचा हेतूच नाही. वर्षभर वापरून आतला पातळ सोल चपटा झाला, की पाय जवळजवळ नुसत्या कडक रबरावर उभा असतो.

अशाच कामगारांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या एका इंजिन जुळणीच्या कारखान्यात झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. या भागातल्या प्रत्येक सेफ्टी ऑफिसरने तो वाचावा असं मला वाटतं. कडक फरशीवर उभं राहण्याचा आणि चालण्याचा वेळ जसा वाढेल तसा टाचदुखीचा धोका वाढत होता. ही गोष्ट अपेक्षित होती. पण आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. फोर्कलिफ्ट आणि ट्रक चालवणारे दिवसभर बसून असतात, तरी त्यांच्यातही जे वारंवार गाडीतून उतरत-चढत होते त्यांना धोका जास्त होता. प्रत्येक वेळी खाली टेकणारा पाय वरून आदळतो. आणि दुसरी गोष्ट : जे कामगार आठवड्यात बूट आलटून-पालटून वापरत होते, त्यांना त्रास कमी होता. एकाच जोडीचा भार रोज त्याच जागी पडतो, जोडी बदलली की तो थोडा सरकतो, असा याचा अर्थ लावता येईल. आपल्याकडे कंपनी वर्षाला एक जोडी देते आणि ती फाटेपर्यंत चालवायची असते. दुसऱ्या जोडीची मागणी कुणी केली तर ती चैन ठरते.

टाचदुखीची गोष्ट कारखान्याच्या गेटवर संपत नाही. हे दुखणं सर्वाधिक दिसतं ते चाळिशी ते साठीत, आणि त्या वयातल्या बायकांचं उभं राहणं कुठल्याच हजेरीपटावर नसतं. सकाळचे डबे, दुपारचा स्वयंपाक, संध्याकाळच्या पोळ्या, भांडी, सगळं ओट्याशी, उभ्याने, अनवाणी. आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. गावाकडच्या सारवलेल्या जमिनीवर बसून चूल सांभाळणाऱ्या आजीचे गुडघे दुखत असतील, पण तिची टाच दिवसभर दगडावर आपटत नव्हती. तिच्या उकिडवं बसण्याने पोटरीही रोज ताणली जात होती. (उकिडवं बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का, हे आत्ता उठून करून पाहा. नसतील टेकत, आणि गुडघा किंवा कमरेचा अडथळा नसेल, तर पोटरी आखडली आहे.)

डॉक्टर सांगतात, घरातही चप्पल घाला. सांगायला सोपं आहे. स्वयंपाकघरात, देवघरापासून चार पावलांवर चप्पल, हे पुष्कळ घरांत अजून पटत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण बघतात. यावर वाद घालण्यापेक्षा फक्त घरात वापरायची, बाहेरचा रस्ता कधीही न पाहिलेली धुतलेली जोडी वेगळी ठेवावी. तीही नको असेल तर ओट्यासमोर जाड रबरी किंवा फोमची मॅट अंथरावी आणि पायाखाली एक छोटा पाट ठेवून पाय आलटून-पालटून त्यावर टेकवावेत. कणीक मळणं, भाजी निवडणं, चिरणं ही कामं बसून करता येतात.

टाचेचं दुखणं आपल्याकडे नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातविकारांमध्ये ‘वातकंटक’ येतो. पाऊल वेडंवाकडं पडल्याने तो होतो असं तिथे म्हटलं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात त्याला आणखी एक कारण जोडलं : श्रम. आजचे वैद्य टाचदुखीला हेच नाव देतात. घरगुती उपायांत वीट तापवून, त्यावर रुईची पानं ठेवून टाच शेकणं अजूनही चालतं. उबेने बरं वाटतं यात शंका नाही, आखडलेला भाग तेवढ्यापुरता सैल होतो. मात्र मधुमेहाने तळव्याची संवेदना गेलेली असेल तर हा प्रयोग अजिबात करू नये. वीट किती तापली आहे हे अशा पायाला कळतच नाही, आणि टाच भाजून झालेली जखम मूळ दुखण्याच्या शंभरपट त्रास देते. रुईचा चीकही कातडीला झोंबतो. बर्फाचं म्हणाल तर पाण्याची छोटी बाटली गोठवून, रुमालात गुंडाळून, कामावरून आल्यावर तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवणं हा स्वस्त आणि बरा उपाय आहे. शेक आणि बर्फ दोन्ही दुखणं शमवतात, दोन्हींनी पट्टा भरून येत नाही.

भरून येण्यासाठी पट्ट्यावर भार हवा, पण मोजून-मापून. यातली पहिली पायरी ताणाची. अमेरिकेत रॉचेस्टरला २००३ साली झालेल्या एका चाचणीत पोटरीच्या नेहमीच्या ताणापेक्षा थेट तळव्याच्या पट्ट्याला दिलेला ताण जास्त उपयोगी ठरला. पद्धत सोपी आहे. पलंगावर किंवा खुर्चीवर बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटांच्या मुळाशी धरून बोटं नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यात चाचपून पाहायचं. पट्टा तारेसारखा ताठ लागला की ताण बरोबर बसला. दहा अंक मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सगळं इंगित पहिल्या वेळेत आहे : सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी, अंथरुणातच. पहाटे साडेपाचच्या बससाठी पाचला उठणारा माणूस म्हणेल, एवढा वेळ कुठून आणू? साडेतीन मिनिटं लागतात. त्या साडेतीन मिनिटांनी बाथरूमपर्यंतचं लंगडणं वाचतं.

पोटरीचा ताण त्याच्या जोडीला द्यावा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ, अर्धा मिनिट. मग तसाच गुडघा किंचित वाकवून पुन्हा अर्धा मिनिट, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि खोलवरचा स्नायू गुडघा वाकल्याशिवाय नीट ताणला जात नाही.

दुसरी पायरी ताकदीची, आणि ती बहुतेकांना कुणी सांगतच नाही. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांना वरचा ताण दिला, उरलेल्यांना टाच उचलण्याचा जड व्यायाम. तीन महिन्यांनी व्यायामवाले स्पष्टपणे पुढे होते. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे व्यायामाने शेवटचा निकाल बदलत नाही, तो लवकर लागतो. ज्याला रोज उभं राहून पोट भरायचं आहे त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

हा व्यायाम सोसायटीच्या जिन्यात करता येतो. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवायची. त्यावर बोटं अशी टेकवायची की ती वर वळलेली राहतील, आणि टाचा पायरीबाहेर मोकळ्या. कठडा धरावा. तीन अंक मोजत टाचा वर, दोन अंक वरच थांबा, तीन अंक मोजत खाली. बोटं वळलेली असल्याने हिक्स यांचा रहाट इथे पूर्ण फिरतो आणि भार नेमका पट्ट्यावर येतो. चाचणीत हे एका पायावर करायचं होतं, पण सुरुवातीला दोन पायांवर करायला हरकत नाही. बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर घेऊन त्यात पुस्तकं भरायची आणि दहा वेळांचे चार फेरे करायचे. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठ वेळांचे पाच. मधला सुट्टीचा दिवस चुकवू नये, डागडुजी त्याच दिवशी होते.

हे करताना थोडं दुखेल. किती दुखणं चालेल, याचा अंदाज घ्यायला दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहावी. पहिलं पाऊल कालच्याइतकंच किंवा कमी दुखलं तर भार ठीक आहे, जास्त दुखलं तर फेरे कमी करावेत. हाच नियम चालण्याला, उभं राहण्याला, सुट्टीच्या दिवशी देहू-आळंदीपर्यंत केलेल्या पायपिटीला लागू पडतो. संपूर्ण विश्रांती मात्र नको. महिनाभर पलंगावर काढून कामावर परतलेली टाच अधिकच कच्ची झालेली असते.

चपला-बुटांवर लोक फार पैसे घालवतात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायाचं माप घेऊन बनवलेले सोल आणि तयार मिळणारे सोल यांची तुलना झाली. दोन्हींचा थोडाफार फायदा पहिल्या काही महिन्यांत दिसला, वर्षअखेर काहीच फरक उरला नाही, आणि मापाचे सोल तयार सोलांपेक्षा सरस ठरले नाहीत. तेव्हा कुणी तळव्याचं कॉम्प्युटर स्कॅन करून हजारो रुपयांचे सोल पुढे केले, तर आधी मेडिकलमधलं साधं हील पॅड आणि कमानीला आधार देणारा तयार सोल वापरून पाहावा. सेफ्टी शूज कंपनीचेच घालायचे असले तरी आतला सोल बदलता येतो. आधी मात्र विचारून घ्यावं, कारण जाड सोलाने बूट बोटांवर घट्ट झाला किंवा वीजरोधक बुटाचा गुण बिघडला तर भलतंच व्हायचं. घरी मऊ रबराची एमसीआर चप्पल चांगली. झिजून एका बाजूला कललेली चप्पल, मग ती कितीही प्रिय असो, टाकून द्यावी. वजन उतरलं तर टाचेवरचा भार कमी होतो हे उघड आहे, पण ज्याला चालवत नाही त्याला रोज सकाळी फिरायला जा असं सांगणं क्रूर आहे. सायकल आणि पोहणं चालतं.

आता सुई. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने टाच चार-आठ दिवसांत हलकी होते आणि रुग्ण डॉक्टरांना दुवा देतो. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत सोनोग्राफीत पाहून दिलेल्या इंजेक्शनचा दुखण्यावरचा फायदा चार आठवड्यांना दिसला, आठ आणि बारा आठवड्यांना तो उरला नव्हता. अमेरिकेतल्या १९९८ सालच्या एका नोंदीत ७६५ रुग्णांपैकी ५१ जणांचा पट्टा तुटला होता आणि त्यातल्या ४४ जणांना आधी इंजेक्शन दिलेलं होतं. टाचेखालची चरबीची गादीही इंजेक्शनने विरळ होऊ शकते, आणि ती पुन्हा वाढत नाही. मधुमेह्याची साखर काही दिवस चढते ती वेगळी. एखादं इंजेक्शन, सगळं करून झाल्यावर, विचारपूर्वक, इथपर्यंत ठीक. पण दर दोन महिन्यांनी ‘ती सुई मारून द्या’ म्हणत येणाऱ्याला नकार देणारा डॉक्टर चांगला समजावा. बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी डबल शिफ्ट करणं हे तर पट्टा तोडण्याचं आमंत्रण.

महिनोन्‌महिने नीट व्यायाम करूनही फरक पडला नाही तर शॉकवेव्ह हा पर्याय असतो. यंत्राने बाहेरून टाचेवर दाबलहरींचे ठोके देतात, आठवड्याच्या अंतराने काही वेळा. काहींना चांगला गुण येतो, काहींना नाही. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारी पट्टी सकाळच्या कळेसाठी उपयोगी पडते, पण ती घालून झोप लागली तर. शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते. तीत पट्ट्याचा काही भाग कापतात, आणि जास्त कापला तर कमान बसण्याचा धोका असतो. दहातल्या आठ-नऊ जणांची टाच शस्त्रक्रियेशिवाय साधारण वर्षभरात शांत होते. वर्ष हा शब्द ऐकून चेहरे पडतात, पण हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं. नाहीतर दर तीन आठवड्यांनी डॉक्टर बदलला जातो आणि दर वेळी नवा एक्स-रे निघतो.

प्रत्येक टाचदुखी हीच असते असं मात्र नाही. आळंदीहून पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणं होतं. वर्षभर बसून असलेल्या माणसाने एकदम इतकं चालून आल्यावर टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळवळून दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्याला ताण आणि व्यायाम नको, पाय मोकळा ठेवून विश्रांती हवी आणि तपासणीही हवी. आग, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मज्जातंतू दबला असेल किंवा मधुमेहाचा परिणाम असेल. तिशीतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखतात, पहाटे कंबर आखडलेली असते आणि हालचालीने ती सुटते, असं असेल तर संधिवाताच्या एका प्रकाराची शंका घ्यावी लागते. तो वर्षानुवर्षं ‘हाड वाढलंय’ या नावाखाली दडून राहतो. टाचेच्या मागच्या बाजूला, जाड शिरेच्या मुळाशी दुखणं हे वेगळं प्रकरण. उंचावरून पडल्यानंतरचं दुखणं, ताप, सूज, बसल्या-झोपल्याही न थांबणारी कळ, यांत घरी व्यायाम करत थांबू नये. पिंपरीच्या संत तुकारामनगरमधलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय मोशीकरांना दूर नाही, आणि विमा असलेल्या कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरला राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. या योजनेत आजारपणाच्या रजेत, अटी पूर्ण होत असतील तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. टाचेसाठी सगळ्यांना इतकी रजा लागत नाही, पण सुरुवातीचे आठ-दहा दिवस कामाचा भार कमी करण्यासाठी कागद हाती असणं बरं. कंत्राटी कामगाराने आपला विमा क्रमांक ठेकेदाराकडून मागून घ्यावा. दुखणं सुरू झाल्यावर तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

कायद्यातही एक जुनी गोष्ट पडून आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात म्हटलं होतं, की ज्यांना उभं राहून काम करावं लागतं अशा सगळ्या कामगारांसाठी बसण्याची योग्य सोय हवी, म्हणजे कामाच्या ओघात मिळेल तेवढी विश्रांती त्यांना घेता येईल. दुकानांतल्या विक्रेत्यांना बसायचा हक्क मिळावा म्हणून केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायदे बदलले, तेव्हा त्याचं कौतुक झालं. कारखान्यांसाठी ही तरतूद त्याच्या कितीतरी आधीची. प्रत्यक्षात लाइनवर स्टूल दिसलं की अनेक सुपरवायझरांच्या कपाळाला आठी पडते, बसलेला माणूस कामचुकार वाटतो.

खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर उभ्या जागी रबरी मॅट, दोन स्टेशनांमागे एक स्टूल, आणि दर दोन तासांनी उभं काम आणि बसून करायचं काम यांत अदलाबदल, एवढं कुठल्याही मध्यम कारखान्याला परवडतं. फोर्कलिफ्टवाल्याला उडी न मारता पायरीवरून, गाडीकडे तोंड करून उतरायला शिकवायला तर काहीच खर्च नाही. उभं राहणाऱ्यानेही एकाच पायावर भार देऊन ताटकळू नये. एक पाय चार-सहा इंच उंचीच्या ठोकळ्यावर, मग दुसरा, अशी अदलाबदल करत राहावी. चहाच्या सुट्टीत बूट काढून बोटं मागे ओढायचा तो ताण दहा वेळा द्यावा. दिवसातून तीनदा करायच्या ताणातला दुसरा तिथेच होऊन जातो, आणि तिसरा रात्री झोपताना.